माफ करणारे तुम्ही कोण?

दोस्तांनो, मागच्या बैठकीत आपला वाद अर्धा राहिला. दिवे गेले आणि माझी पाळी होती म्हणून मी उठलो. पण डोक्यातून गेला नाही. साच्यावर उभा राहूनही तोच. म्हणून हे लिहितोय.

वाद अमेरिकेतल्या माफीचा होता. २० जानेवारी २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच दिवशी त्यानं एका सहीनं पंधराशेच्या आसपास माणसं माफ केली. ही माणसं ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनच्या संसद भवनावर चाल करून गेलेली. आत मतांची मोजणी चालली होती, ती बंद पाडायला. आमचा नेता हरलाच नाही, असं त्यांचं म्हणणं. दारं फोडली, काचा फोडल्या, १४० च्या आसपास पोलीस जखमी झाले. एकजण तर गुलामी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजेचा झेंडा खांद्यावर टाकून त्या इमारतीत फिरला. हॅरी डन नावाच्या काळ्या पोलिसानं पुढं जुलैत संसदेच्या समितीसमोर सांगितलं की, त्या दिवशी अंगावर गणवेश असताना त्याला ती जुनी, गुलामाला घालायची शिवी घातली गेली. आपल्याला ती शिवी समजावून सांगायला नको. आपल्याकडची आपल्याला पाठ आहे.

१४ जणांची नुसती शिक्षा कमी केली. बाकीचे साफ माफ. ज्यांचे खटले चालू होते ते काढून टाकायचा हुकूम. एन्रिके टारियो नावाच्या पुढाऱ्याला बावीस वर्षांची सजा होती, तोही सुटला.

आपल्यातला एकजण म्हणाला, लोकमत बघा, लोक विरोधात आहेत. खरं आहे. त्याच दिवसांत रॉयटर्स आणि इप्सोसनं केलेल्या पाहणीत ५८ टक्के लोक म्हणाले, सरसकट माफी देऊ नये. फेब्रुवारीत वॉशिंग्टन पोस्टनं विचारलं तेव्हा मारहाण करणाऱ्यांच्या माफीला ८३ टक्के विरोध निघाला. ट्रम्पचा जोडीदार व्हान्स स्वतः आठ दिवस आधी टीव्हीवर बोलला होता की, ज्यांनी हिंसा केली त्यांना माफी नको. तरी माफी झाली. म्हणजे लोकमताचा उपयोग काय, असं दुसरा म्हणाला. तिसरा जरा तिरका. तो म्हणाला, लोकमतावर सोडलं असतं तर १९२७ साली महाडला तळ्याचं पाणी कुणी शिवू दिलं असतं? घ्या मग मतं!

तिसऱ्याचं बोलणं मला जास्त लागलं. टक्क्यांत ज्याच्या पाठीत काठी बसली त्याचं मत एक, आणि ज्यानं घरी बसून टीव्हीवर बघितलं त्याचंही एकच. मग मी मागं मागं वाचत गेलो. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात डिक्शनरी. ही माफीची रीत किती जुनी आहे, आणि मार खाल्लेल्याला कधी कुणी विचारलं का, एवढंच शोधत होतो.

राष्ट्राध्यक्षाला माफीचा अधिकार त्यांच्या घटनेतच आहे. आपल्या घटनेत बाबासाहेबांनी कलम ७२ मध्ये राष्ट्रपतीला तो दिला, पण राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतो. तिकडं एकटाच माणूस. घटना होताना हॅमिल्टननं त्यामागचं डोकं सांगितलं होतं: बंडाळीच्या दिवसांत योग्य वेळी माफी दिली तर राज्यात शांतता परत येते. पहिला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यानं तसंच केलं. १७९४ साली पेनसिल्व्हेनियाच्या शेतकऱ्यांनी दारूवरच्या कराविरुद्ध दंगा केला, दोघांना फाशी ठरली, त्यानं १७९५ ला दोघांना सोडलं. इथं मला तक्रार नाही. दंगा सरकारविरुद्ध, माफी सरकारची. हिशेब बरोबर.

घोळ पुढं होतो. गुन्हा एकाचा, मार दुसऱ्याला आणि माफ करणारा तिसराच.

१८६५. यादवी युद्ध संपत आलेलं. जानेवारीत उत्तरेच्या जनरल शर्मननं हुकूम काढला: दक्षिण कॅरोलायनापासून खाली समुद्रकाठची आणि बेटांवरची, मालक सोडून पळालेली जमीन सुटलेल्या गुलामांना द्यायची, एका कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. काही महिन्यांत चाळीस हजारांच्या आसपास माणसं चार लाख एकरांवर बसली. घरं घातली, मका लावला. ज्या मातीत आज्यापणज्याचा घाम गेला तीच माती. मग लिंकनचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन आला. २९ मे १८६५ ला त्यानं बंडखोरांना माफीचा जाहीरनामा काढला. निष्ठेची शपथ घ्या, मालमत्ता परत घ्या, फक्त गुलाम परत मिळणार नाहीत. वीस हजार डॉलरच्या वर मालमत्ता असलेल्यांनी वेगळा अर्ज करायचा. अर्जांची रांग लागली, आणि जॉन्सननं तसे हजारोंनी मंजूर केले. माफी मिळाली की मालक कागद घेऊन हजर: माझी जमीन सोडा.

ऑक्टोबरात जनरल हॉवर्डला एडिस्टो बेटावर पाठवलं. काम काय, तर तिथल्या लोकांना सांगायचं की जमीन परत द्या, जुन्या मालकांशी करार करा आणि मन साफ ठेवा. हॉवर्ड वाईट माणूस नव्हता. गुलामीविरुद्ध लढताना त्याचा उजवा हात गेला होता. चर्च गच्च भरलं. त्याच्या तोंडून शब्द निघेना. लोक नाही नाही म्हणून ओरडले. एका बाईनं दुःखाचं गाणं धरलं आणि सगळं चर्च तिच्या मागं गाऊ लागलं. मग तिथल्या तीन माणसांच्या कमिटीनं हॉवर्डला पत्र लिहिलं. हेन्री ब्रॅम, इश्माएल मोल्ट्री, येट्स सॅम्प्सन. कालपर्यंत ज्या जमातीला अक्षर शिकवणं गुन्हा होता त्या जमातीचं पत्र. त्याचा आशय असा: तुम्ही आम्हाला जमीनदारांना माफ करा म्हणता. तुमचा लढाईत हात गेला, तुम्ही कदाचित माफ कराल. पण ज्यानं मला झाडाला बांधून ३९ फटके मारले, माझ्या आईला आणि बहिणीला उघडं करून झोडपलं, आणि जो आज त्याची रिकामी झोपडीसुद्धा मला देत नाही, त्याच्या शेतात त्याच्याच भावानं राबल्याशिवाय, त्या माणसाला माफ करणं मला जमत नाही.

हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसलो. आमच्या गावात मी लहान असताना जयंतीच्या मिरवणुकीवर दगड आले होते. माझ्या चुलत्याचं डोकं फुटलं. तक्रार झाली. चार दिवसांनी शहाणी माणसं वस्तीत आली, चांगल्या शब्दांत बोलली. झालं गेलं विसरा, पोरं आहेत, गावात राहायचंय ना तुम्हाला? चुलता ज्यांच्या रानात कामाला जायचा त्यांचीच ती पोरं. चुलत्यानं समेटाच्या कागदावर अंगठा केला. गावानं ती माफी म्हणून सांगितली. चुलत्याला विचारलं तर तो म्हणायचा, मजुरी केली त्या दिवशीची.

एडिस्टोची जमीन गेली. लोकमताचं म्हणाल तर तेव्हा पाहण्या नव्हत्या, निवडणुका होत्या. उत्तरेतला मतदार आधी जॉन्सनवर फार चिडला नाही. शांतता होतेय ना, होऊ दे. मग ३० जुलै १८६६ ला न्यू ऑर्लिन्स झालं. काळ्यांना मताचा हक्क मिळावा म्हणून भरलेल्या सभेवर पोलीस आणि गोरा जमाव तुटून पडला. पोलिसांत बंडखोर फौजेतले जुने शिपाई भरलेले. निदान चौतीस काळी माणसं मेली. शहराचा महापौर जॉन मन्रो हा बंडखोरांच्या काळातलाच महापौर. लोकांनी पुन्हा निवडून दिला तरी त्याला खुर्चीवर बसता येत नव्हतं, कारण त्याला माफी नव्हती. ती जॉन्सननं दिली. मग तो बसला, आणि दोन-तीन महिन्यांत हे झालं. यानंतर मात्र उत्तरेचं मत फिरलं. त्या वर्षीच्या निवडणुकीत जॉन्सनच्या विरोधकांना संसदेत दोन-तृतीयांशाच्या वर जागा मिळाल्या. म्हणजे लोकमत फिरतं. पण त्यासाठी चौतीस प्रेतं लागली.

आता क्लू क्लक्स क्लानचा भाग, आणि तो जॉन्सनसारख्या नालायकाचा नाही, ग्रँटसारख्या बऱ्या माणसाचा आहे. म्हणून जास्त बोचतो.

दक्षिण कॅरोलायनात यॉर्क नावाचा जिल्हा. काळ्यांना मत मिळालेलं, त्यांची सरकारी शिबंदी उभी राहिलेली. तिचा कप्तान जिम विल्यम्स. १८७१ च्या मार्चमध्ये क्लानची टोळी रात्री त्याच्या घरी आली आणि त्याला नेऊन झाडाला टांगला. त्याची बायको रोझी पुढं कोर्टात उभी राहून सगळं बोलली. तिथंच एलायस हिल नावाचा धर्मोपदेशक होता. लहानपणीच्या आजारानं हातपाय वाळलेले, चालताही येत नव्हतं. त्याला अंगणात ओढून चाबकानं मारला. का, तर तो लोकांना शिकवायचा. त्यानं संसदेच्या समितीपुढं जबानी दिली आणि मग शंभरावर माणसं घेऊन सरळ आफ्रिकेत, लायबेरियाला निघून गेला. देशच सोडला! त्यानं माफीवर दिलेलं मत मी यालाच समजतो. लष्कराचा मेजर मेरिल यॉर्कमध्ये नोंदी करत बसला होता. एका त्या जिल्ह्यात त्याला अकरा खून आणि सहाशेच्या आसपास मारहाणी सापडल्या.

ग्रँटनं कडक पाऊल उचललं. १८७१ च्या एप्रिलमध्ये क्लानविरुद्ध कायदा झाला, ऑक्टोबरात नऊ जिल्ह्यांत विनाचौकशी धरायचा अधिकार घेतला, आणि वर्षाअखेर कोलंबिया शहरात खटले उभे राहिले. ज्युरीत बहुसंख्य काळी माणसं! हे जगात त्याआधी कुठं झालं असेल? कालचा गुलाम बसलाय आणि मालकाच्या पोराचा न्याय करतोय. कित्येकांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा झालेल्यांना दूर न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनीच्या तुरुंगात पाठवलं.

आणि लगेच दयेचा पाऊस सुरू. हे अडाणी, गरीब आहेत, पुढाऱ्यांनी फसवलंय, यांची बायकापोरं उपाशी आहेत. हे म्हणणारे नुसते दक्षिणेतले गोरे नव्हते. गेरिट स्मिथ हा जन्मभर गुलामीविरुद्ध पैसा आणि शब्द ओतलेला माणूस. तो १८७२ साली अल्बनीला कैद्यांना भेटला आणि काहींना सोडा म्हणून शिफारस केली. मला त्याचा राग येत नाही. गरीब गोरे होतेच त्यात, आणि वरचे सूत्रधार पळाले होते. पण यॉर्कमध्ये जाऊन रोझी विल्यम्सच्या दारात बसून तिला कुणी विचारल्याचं मला काही सापडलं नाही. तीही गरीबच होती. तिचीही पोरं होती. १८७३ च्या उन्हाळ्यात ग्रँटच्या सरकारनं उरलेले खटले थांबवले आणि कैद्यांना माफ्या द्यायला सुरुवात केली. कारण तेच, हॅमिल्टनवालं: क्लान मोडलाय, आता दया दाखवली की शांतता येईल.

१८७३ हा आकडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच साली पुण्यात जोतिरावांची 'गुलामगिरी' निघाली आणि त्यांनी ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध झटलेल्या लोकांना अर्पण केली. आपल्या शूद्र-अतिशूद्र भावांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनी तो कित्ता गिरवावा, ही त्यामागची आस. त्याच सालच्या १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानात कोलफॅक्स गावी कोर्टाची इमारत धरून बसलेल्या काळ्या लोकांवर गोऱ्यांनी तोफ लावली. शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. साठच्या खाली कुणीच मोजत नाही, काही मोजण्या दीडशेपर्यंत जातात. ९७ जणांवर आरोप, नऊ कोर्टात उभे, तिघांना शिक्षा, आणि १८७६ ला सुप्रीम कोर्टानं ती तीनही काढून टाकली. तिथं राष्ट्राध्यक्षाला माफीची तसदीसुद्धा पडली नाही. १९५० च्या सुमारास सरकारनं तिथं फलक लावला, त्यावर शब्द होता: दंगल. तो फलक २०२१ ला हलला. जोतिरावांना हे कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्या अर्पणपत्रिकेला नावं ठेवत नाही. पण आपण तरुणांनी ती वाचताना बाजूला कोलफॅक्सची तारीख लिहून ठेवावी.

शांतता आली का? १८७६ च्या जुलैमध्ये त्याच दक्षिण कॅरोलायनात हॅम्बर्गला पुन्हा शरण आलेल्या काळ्या शिबंदीतली माणसं ओळीनं मारली. त्या टोळीतला बेन टिलमन पुढं गव्हर्नर झाला, मरेपर्यंत सिनेटर राहिला आणि आपण त्यात होतो हे छाती फुगवून सांगत राहिला. त्याला माफी लागलीच नाही. लोकमत त्याच्या बाजूला होतं. म्हणजे ज्यांना मत टाकू देत होते त्यांचं.

आता उलटी बाजू. आपली माणसं दंगलीत सापडतात तेव्हा.

२३ ऑगस्ट १९१७, टेक्सासातलं ह्यूस्टन. काळ्या शिपायांची २४ वी पलटण. पोलिसांनी एका काळ्या बाईला घरातून ओढलं, मधे पडलेल्या शिपायाला मारलं, विचारायला गेलेल्या कॉर्पोरल बाल्टिमोरलाही बदडलं आणि गोळ्या झाडल्या. छावणीत बातमी आली, तो मेला. शंभरावर शिपाई बंदुका घेऊन रात्री शहरात घुसले. पंधरा-सोळा गोरे मेले, त्यांत पोलीस होते तसे साधे नागरिकही होते. हे लपवू नका. आपण खरं बोलायचं असेल तर सगळं बोलायचं.

लष्करी कोर्टात पहिल्या खेपेला ६३ जणांवर एकदम खटला. ११ डिसेंबरला पहाटे तेरा जणांना एका ओढ्याकाठी फाशी दिली. राष्ट्राध्यक्षाकडं कागद गेलाच नाही. माफी मागायलाही वेळ ठेवला नाही, जगाला बातमी लटकवल्यावर कळली. एकूण १९ फासावर गेले. गडबड झाली तेव्हा विल्सननं दहा जणांची फाशी रद्द केली. बाकीचे जन्मठेपेवर.

मग काळ्या लोकांच्या संघटनेनं, एनएएसीपीनं, काय केलं बघा. सह्या गोळा केल्या. १९२१ ला जेम्स वेल्डन जॉन्सन पन्नास हजार सह्या घेऊन राष्ट्राध्यक्ष हार्डिंगला भेटला. हा जॉन्सन कवी होता, हे आपल्यातल्या कविता करणाऱ्यांसाठी सांगतो. १९२४ ला कूलिजकडं लाखावर सह्या गेल्या. विचार करा. सही करणाऱ्याला दक्षिणेत मत नव्हतं, सहीनं नोकरी जाऊ शकत होती. ते लोकमत घरी बसून फोनवर दिलेलं नव्हतं. त्याचं फळ काय? एकेक, दोनदोन करत कैदी सोडले. शेवटचा १९३८ ला बाहेर आला. एकवीस वर्षं. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात लष्करानं सगळ्या ११० शिक्षा चुकीच्या म्हणून रद्द केल्या, तेव्हा त्यांतला कुणी जिवंत नव्हता.

संसद भवनावर चालून गेलेल्यांना चार वर्षं. ह्यूस्टनच्या शिपायांना १०६.

आपल्याकडचंही एक सांगतो, नाहीतर म्हणाल हा फक्त परदेशातलं उकरतो. १५ ऑगस्ट २०२२ ला गुजरातच्या २००२ च्या दंगलीतले, बिल्कीस बानो प्रकरणातले अकरा जन्मठेपेचे कैदी सरकारनं शिक्षा माफ करून सोडले. तुरुंगाच्या दारात हार घातले, पेढे भरवले. सुटका झाल्याचं त्या बाईला कुणी आधी कळवलंही नव्हतं. पण तिनं खटला सोडला नाही आणि ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टानं ती माफी रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, म्हणून विचार करायचा अधिकार गुजरातचा नव्हताच, असं कोर्ट म्हणालं. अकराही परत आत गेले. तिकडच्या राष्ट्राध्यक्षाच्या माफीला असं कुठल्या कोर्टात उलटं करता येत नाही.

तरी दोन गोष्टी मला सापडल्या. आयडाहोची एक सत्तरी ओलांडलेली बाई, संसद भवनात घुसलेल्यांतलीच, साठ दिवस तुरुंग भोगलेली. तिला माफी मिळाली तर तिनं ती घेतली नाही. मी गुन्हा केला होता, म्हणाली. पंधराशेत अशी दोन-चारच निघाली असतील.

दुसरी गोष्ट टारियोची. त्याची ती टोळी, प्राउड बॉइज, १२ डिसेंबर २०२० च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये काळ्या लोकांच्या चर्चवर चालून गेली होती. 'काळ्यांच्या जिवालाही मोल आहे' असे फलक त्या चर्चांवर लावलेले. एक फलक टारियोनं स्वतः जाळला. दुसरा, मेट्रोपॉलिटन चर्चचा, त्याच्या माणसांनी उखडून फाडला. हे ते चर्च जिथून १८९५ साली फ्रेडरिक डग्लसची अंत्ययात्रा निघाली. चर्चनं फौजदारीवर विसंबून न राहता स्वतः दिवाणी दावा लावला. २०२३ ला निकाल लागला, व्याज आणि खर्च धरून रक्कम अठ्ठावीस लाख डॉलरवर गेली. टोळी पैसे भरेना. दिवाणी निकालाला राष्ट्राध्यक्षाची माफी पोचत नाही. टारियो सुटून दोन आठवडेही झाले नव्हते, ३ फेब्रुवारी २०२५ ला कोर्टानं वसुलीपोटी टोळीचं नावच चर्चला देऊन टाकलं. 'प्राउड बॉइज' हे नाव, तो शिक्का छापून शर्ट-टोप्या विकायचा हक्क, सगळा आता त्या काळ्या चर्चच्या मालकीचा. टोळीला आपलंच नाव छातीवर घालून विकायचं असेल तर आधी चर्चच्या दारात जाऊन विचारावं लागेल.